टाळेबंदी आणि संप



या व्यासपीठावरून बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही संयोजकांना प्रथम एवढेच विचारले की, नावात काही चूक तर झाली नाही ना? विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, हा व्याख्यानमालेचा शिरस्ता आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. आमचे जे काही शिक्षण झाले ते अशाच सतरंज्यांवर झाले. शाळा सातवीत सुटली. पुढे वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करू लागलो, तेव्हा रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी पुस्तक उघडून ठेवीत असू. आजही कित्येक पुस्तकांच्या पानांवर चटणीच्या तेलाचे डाग आहेत. आमच्या विद्वत्तेचे प्रमाणपत्र काय ते तेवढेच. सबब, आज जे सांगणार आहोत ते व्याख्यान म्हणून न घेता एका कार्यकर्त्याचा जमाखर्च म्हणून घ्यावे, ही विनंती.

विषय २०२१ सालच्या वसंतातला आहे. आपल्या शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. करोनाच्या साथीचे एक वर्ष पार पडले होते आणि दुसरी टाळेबंदी दाराशी येऊन ठेपली होती. त्या दिवसांत या शहरात जी बेफिकिरी दिसली, तिच्याविषयी आमच्या मनात पुष्कळ दिवस संताप होता. तो संताप कोणावर होता आणि कोणावर असावयास हवा होता, याचा हिशेब आज आपल्यासमोर मांडावयाचा आहे. इतक्या वर्षांनी ही जुनी राख का उकरावी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर शेवटी देऊ.

प्रथम एका शब्दाविषयी बोलू. 'लॉकडाऊन' या इंग्रजी शब्दाला आपल्या वर्तमानपत्रांनी 'टाळेबंदी' हा मराठी शब्द योजला. हा शब्द कामगारांना नवा नव्हता. आम्ही तरुणपणी पाठ केलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संप आणि टाळेबंदी या दोन्ही शब्दांच्या व्याख्या होत्या. काम बंद दोन्हींतही पडते आणि भोंगा दोन्हींतही वाजत नाही. पण संप कामगार करतात आणि टाळेबंदी मालक करतो. संपात कामगार आपणहून फाटकाबाहेर उभा राहतो. टाळेबंदीत त्याला बाहेर काढून फाटकाला कुलूप घालतात. साहजिकच सरकारने 'टाळेबंदी' म्हटल्याबरोबर आमच्या माणसांनी तिचा जो अर्थ घेतला तो असा: वरच्या कोणीतरी आपल्याविरुद्ध काहीतरी बंद केले आहे, आता ते उघडून घेणे हा आपला विजय.

या एका शब्दात पुढचे सगळे रामायण आले.

आता घटनाक्रम पाहू. पहिली टाळेबंदी २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता जाहीर झाली आणि बारा वाजता सुरू झाली. हातावर पोट असणाऱ्या माणसाला चार तासांची नोटीस मिळाली. तिचा परिणाम आपल्या जिल्ह्याने जितक्या जवळून पाहिला तितका फार थोड्यांनी पाहिला असेल. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले हे लोक जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. मजुरी बंद झाली म्हणून गावी निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने रात्रभर चालले आणि थकून तिथेच आडवे झाले. गाड्या बंद आहेत, असे त्यांनी ऐकले होते. रुळांवर त्यांच्या रोट्या पडलेल्या होत्या. ज्याने ते पाहिले, त्याच्यापुढे टाळेबंदीचे गुणगान करणे कठीण होते.

त्यानंतर १० ते १८ जुलै २०२० असे नऊ दिवस शहरात आणि वाळूज परिसरात कडक संचारबंदी झाली. तीही लोकांनी सोसली. मग दिवाळी आली, आकडे उतरले आणि नव्या वर्षाबरोबर शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. जानेवारी आणि फेब्रुवारी २०२१ हे दोन महिने आठवून पाहा. गुलमंडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मंगल कार्यालये ओसंडत होती. मुखपट्टी हनुवटीवर येऊन बसली. पोलीस दिसला की नाकावर जाई, तो पुढे गेला की खाली उतरे. जणू रोग पोलिसाच्या गाडीत बसूनच हिंडत होता!

फेब्रुवारीच्या अखेरीस आकडे पुन्हा चढले. ११ मार्चपासून जिल्ह्यात अंशतः टाळेबंदी लागू झाली. शनिवार-रविवार कडकडीत बंद. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केंद्र सरकारने देशातील सर्वाधिक रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांची यादी सांगितली, तीत आपला जिल्हा होता. ३० मार्चच्या मध्यरात्रीपासून ८ एप्रिलपर्यंत पूर्ण टाळेबंदी जिल्हा प्रशासनाने जाहीर केली. व्यापारी विरोधात गेले, फेरीवाले गेले, राजकीय पक्ष गेले, मोर्चाची घोषणा झाली. आणि अंमल सुरू होण्यापूर्वीच, ३० मार्चच्या रात्री, तो हुकूम मागे घेण्यात आला.

त्या रात्री रस्त्यावर जल्लोष झाला. लोकप्रतिनिधीला खांद्यावर घेऊन लोक नाचले, घोषणा झाल्या, मुखपट्टी बहुतेकांच्या तोंडावर नव्हती. पुढे त्याबद्दल पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. साथ भर चढणीवर असताना शहर विजयोत्सव करीत होते! हा विजय कोणाचा झाला आणि हरले कोण, हे विचारण्याइतकी सवड त्या रात्री कोणालाही नव्हती.

आता आमचा जमाखर्च. त्या टाळेबंदीविरुद्ध जी पत्रके निघाली त्यांपैकी एकावर आमची सही होती. आम्ही लिहिले होते की, आधी धान्य आणि मजुरीची हमी द्या, मग बंद करा. ही मागणी आजही आम्हांस चूक वाटत नाही. करमाडच्या रुळांनंतर दुसरे काय लिहिणार? परंतु हुकूम मागे घेतल्याचे कळले तेव्हा मागणीतला 'आधी' गेला आणि 'मग' ही गेला. हमीही मिळाली नाही आणि बंदही झाला नाही. तरी आम्ही समाधानाने झोपलो. मिरवणुकीत आम्ही नव्हतो. पण मिरवणूक निघाली ती आमच्याही पत्रकाच्या बळावर निघाली, हे नाकारून कसे चालेल?

याहून एक गोष्ट आम्ही आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही. आमचा एक जुना सभासद होता. वीस वर्षांहून अधिक काळ प्रेसशॉपमध्ये काम केलेला, संपात पहिला आणि वर्गणीत कधी मागे न राहणारा. ३१ मार्चला फाटकावर भेटला तो हसत हसत म्हणाला, "भाऊ, टाळेबंदी उठली म्हंजी रोग बी उठला म्हणायचा!" आम्हीही हसलो. दोनच दिवसांनी त्याच्या पुतणीचे लग्न होते. शहरातली कार्यालये बंद म्हणून पैठण तालुक्यातल्या गावी, शेतात मांडव घातला होता. दोनशे माणसे तरी असतील. आम्ही गेलो. मुखपट्टी लावूनच गेलो होतो; परंतु मांडवात कोणाच्याच तोंडाला काही नाही, यजमान हात धरून पंगतीला बसवतो आहे, अशा वेळी ती लावून बसणे म्हणजे त्यांच्या घराविषयी संशय दाखवणे होईल, असे वाटले. आम्ही ती काढली, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

आधीच्याच आठवड्यात याच तोंडाने आम्ही द्वारसभेत कामगारांना सांगितले होते की, बाबांनो, मुखपट्टी लावा, गर्दी टाळा.

पुढचे थोडक्यात सांगतो. दहाबारा दिवसांत त्याला ताप आला. एप्रिलचा मध्य होता. १८ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. त्या आठवड्यात खाट मिळविणे म्हणजे काय होते, हे आपणांपैकी पुष्कळांना सांगावयास नको. दिवसभर फिरून रात्री एका ठिकाणी खाट मिळाली. प्राणवायूची सोय तिथे दुसऱ्या दिवशी झाली. पाचव्या दिवशी तो गेला. अंत्यविधीला चार माणसे होती. लग्नाला दोनशे आणि सरणाला चार, हे त्या वर्षीचे गणित.

महिन्याभराने त्याच्या घरी गेलो. भविष्यनिर्वाह निधीचे कागद भरावयाचे होते. कागद भरून झाल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मांडवात आले ना, तव्हा हे मला म्हणले होते, भाऊ सोता आले म्हंजी आता भेव राह्यलं नाही."

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर मुळीच नव्हता. दोष दिला असता तर उत्तर देता आले असते. रोग त्याला त्याच मांडवात लागला की कारखान्यात की बसमध्ये, हे कोणीही सांगू शकत नाही. पण तो निर्भय झाला तो आमच्यामुळे झाला, एवढे खरे. भाषण एक करणारा आणि पंगतीत दुसरे वागणारा पुढारी पाहिला की लोक भाषण विसरतात आणि पंगत लक्षात ठेवतात.

त्या दिवसापासून 'लोक बेफिकीर आहेत' हे वाक्य आम्हांला पहिल्यासारखे बिनदिक्कत उच्चारता येत नाही. लोक म्हणजे कोण? प्रत्येक जण ते वाक्य स्वतःला वगळून बोलतो. पत्रकातले 'लोक', अग्रलेखातले 'लोक', गच्चीवरून रस्त्याकडे पाहणाऱ्याचे 'लोक' यांत बोलणारा कधीच नसतो.

तरीही बेफिकिरी होती, यात शंका नाही. मात्र ती एका जातीची नव्हती. आम्हांस तिचे तीन प्रकार दिसले.

पहिली पोटाची बेफिकिरी. चौकातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातला उभा राहणारा माणूस खांद्याला खांदा लावून उभा राहतो, कारण मागे उभ्या राहिलेल्याला मुकादम नेत नाही. त्याला 'अंतर ठेवा' म्हणून सांगणे म्हणजे 'उपाशी राहा' म्हणून सांगणे. ही वास्तविक बेफिकिरी नव्हेच. हा दोन भयांचा हिशेब आहे. चौदा दिवसांनी येणारा ताप दूरचा आणि संध्याकाळची चूल जवळची.

दुसरी अविश्वासाची बेफिकिरी. सरकार आकडे फुगवते, रुग्णालये पैशांसाठी धरून ठेवतात, लसीने माणसे मरतात, अशा गोष्टी रोज कानांवर येत. त्यांतल्या बहुतेक खोट्या होत्या. परंतु ज्या माणसाला सरकारी दारात आजवर चार हेलपाट्यांशिवाय एक दाखला मिळाला नाही, त्याने एके दिवशी एकाएकी सरकारचे म्हणणे डोळे मिटून खरे मानावे, अशी अपेक्षा करणारे आपण तरी कोण? विश्वास हा साथीच्या दिवसांत वाटण्याचा शिधा नाही. तो आधीच्या वीस वर्षांत पेरावा लागतो.

तिसरी ऐटीची बेफिकिरी. हिला ना पोटाची सबब, ना अविश्वासाची. घरात धान्य आहे, पगार चालू आहे, वर्तमानपत्र येते, सगळे कळते. पण आपल्या घरचे कार्य थाटातच झाले पाहिजे, आपली ओळख आहे तेव्हा आपल्याला खाट मिळेलच, असा हिशेब. आम्ही पैठण तालुक्यातल्या त्या मांडवात बसलो होतो ते कोणत्या बेफिकिरीने? पोटाच्या नव्हे. त्या दिवशी आम्ही तिसऱ्या रांगेत होतो आणि आमचा सभासद आमच्याकडे पाहून निर्भय झाला.

दंड मात्र पहिल्या रांगेला बसला. पाचशे रुपयांची पावती फाडली जाई ती भाजीच्या हातगाडीपाशी. बंगल्यातल्या हॉलमध्ये किती पाहुणे जमले, हे मोजायला कोणी गेले नाही.

हे सगळे आपल्याच काळात आणि आपल्याच लोकांत घडले, असा समज करून घेऊ नये. १९१८ साली तापाची साथ जूनमध्ये मुंबईत आली तेव्हा सौम्य होती; लोक निर्धास्त झाले आणि सप्टेंबरात तीच साथ परतली ती लाखोंनी माणसे घेऊन गेली. त्याच वर्षी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात मुखपट्टीची सक्ती होती. २१ नोव्हेंबर १९१८ रोजी दुपारी बारा वाजता सक्ती उठल्याचा भोंगा वाजला, तेव्हा लोकांनी भर रस्त्यात मुखपट्ट्या काढून फेकल्या. जानेवारीत रोग परत चढला, सक्ती पुन्हा आली, आणि तिच्याविरुद्ध चक्क एक संघटना उभी राहून सभा झाली. शंभर वर्षांचे अंतर आणि सात समुद्र मध्ये असूनही ३० मार्चची आपली मिरवणूक त्या लोकांनी लगेच ओळखली असती.

आता अधिक जवळचे उदाहरण. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. ऑक्टोबरात सुमारे हजारभर गिरणीकामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. तेथे नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, असा त्यांचा समज झाला होता. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावोगाव पळाली आणि पळणाऱ्यांबरोबर प्लेगही गेला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. २०२० साली आपल्या राज्यात जो लागू झाला तो हाच. पुण्यात त्या कायद्याचा अंमल लष्करी शिपाई घरात घुसवून झाला आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या जाण्यात झाला. ही झाली टाळेबंदीची वाट.

पण त्याच साली दुसरी एक वाट होती आणि तिच्यावर चालणारी माणसे आपलीच होती. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव कामगारांना तरी ठाऊक असावे. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचा पाया घालणारा हा माणूस. 'दीनबंधु' चालविणारा, ज्याच्या खटपटीने १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. प्लेगाच्या दिवसांत ते कामगार वस्तीतल्या रोग्यांसाठी झटत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगानेच गेले. कायदा होऊन पाचच दिवस झाले होते. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. सरकारच्या शिपायाला जे दार फोडावे लागे, ते दार या माणसांना आतून उघडले जाई. कारण ती साथीच्या आधीही त्या दारात जात होती; कधी रात्रीच्या शाळेसाठी, कधी अर्ज लिहून देण्यासाठी, कधी नुसती विचारपूस करायला.

आता आम्ही सुरुवातीच्या शब्दाकडे परत येतो. टाळेबंदी लोकांना पाळवत नाही, आपले लोक शिस्तीचे नाहीत, असे त्या वसंतात आपण शेकडो वेळा ऐकले. आम्हांला ते पटत नाही, आणि त्याचे कारण आमच्या धंद्यात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार वर्षाहून अधिक काळ कामावर गेले नाहीत. त्या संपाचा शेवट दुःखद झाला, नेतृत्वाच्या चुकांवर आजही वाद होतात. तो भाग वेगळा. पण पगार नाही, घरात भांडी विकली जात आहेत, आणि तरी माणूस फाटकाकडे पाऊल टाकीत नाही, ही शिस्त कोणत्या पोलिसाने लावली होती? उलट पोलीस तर फाटक उघडायला उभे होते!

संप टिकतो तो कसा, हे आम्ही सांगू शकतो. कारण लहान का होईना, चारपाच संप आम्ही चालविले आहेत. संपाचा निर्णय सभेत होतो, हात वर करून होतो. सभा काल झाली तरी धान्याची यादी आज होते: कोणाच्या घरी लहान मूल आहे, कोणाची म्हातारी आजारी आहे, कोणाचे भाडे थकले आहे. वस्तीवार माणसे नेमतात. जो डगमगतो त्याच्या घरी दोघे जण जाऊन बसतात. दंडुका घेऊन नव्हे, पिठाची पिशवी घेऊन. आणि मी फुटलो तर शेजारच्याचे नुकसान होईल, ही गोष्ट प्रत्येकाला स्पष्ट दिसत असते. म्हणून संपफोड्याला वस्तीत तोंड दाखवता येत नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये या शहराला रोगाविरुद्ध संपाची गरज होती. मिळाली ती टाळेबंदी. निर्णय वरून आला, पहारा बाहेरून आला आणि धान्य मागाहून आले. राज्य सरकारने १३ एप्रिलला ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये, आणि शिवभोजन थाळी मोफत. मदत नाकारण्याजोगी नव्हती. परंतु 'नोंदणीकृत' हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो. मजूर अड्ड्यावरच्या किती जणांची नोंदणी झाली होती? कंत्राटदाराच्या हजेरीत ज्याचे नाव आज आहे आणि उद्या नाही, त्याची नोंद कोठे? आणि ही नोंदणी करवून घेणे कोणाचे काम होते? सरकारचे होते, कबूल. पण आम्हा संघटनावाल्यांचेही होते. आम्ही वर्षानुवर्षे कायम कामगारांच्या बोनसच्या वाटाघाटी करीत राहिलो आणि फाटकाबाहेरच्या माणसाची साधी यादीसुद्धा आमच्यापाशी नव्हती.

दुसऱ्या पद्धतीने काही होऊ शकते, याचा पुरावा त्याच काळात होता. १० जुलै २०२० रोजी, ज्या दिवशी आपल्याकडे नऊ दिवसांची संचारबंदी सुरू झाली नेमक्या त्याच दिवशी, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे उदाहरण जगापुढे ठेवले. जेथे एकेका खोलीत आठ-दहा माणसे राहतात आणि संडास सामाईक, तेथे नुसत्या 'घरात बसा' या हुकुमाला काय अर्थ? तेथे महापालिकेची माणसे, खाजगी डॉक्टर आणि वस्तीतलेच लोक घरोघर गेले. ताप तपासला, आजाऱ्याला वेगळे ठेवले, त्याच्या जेवणाची सोय केली. तेथे साथ आटोक्यात आली ती दाराला कुलूप लावून नव्हे, तर दार ठोठावून.

आम्हांला हे शहाणपण सभासद गेल्यावर आले. मेच्या पहिल्या आठवड्यात वाळूज परिसरातल्या एका वस्तीत, साठेक घरांपुरते, आम्ही काम सुरू केले. शंभर पानी वही घेतली. एका पानावर एक घर: माणसे किती, रोजंदारीवर किती, म्हातारे किती, आजार कोणते, कोणाचा फोन लागतो. चार पोरांनी आणि तीन बायांनी घरे वाटून घेतली. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर वर्गणीतून घेतले, ते घरोघर फिरे. ज्याला ताप आला त्याच्या घरी पंधरा दिवसांचे पीठ-डाळ पोचे, म्हणजे त्याला अड्ड्यावर जाऊन उभे राहावे लागू नये. एक रिक्षावाला रात्रीबेरात्री उठून येण्यास तयार झाला. आम्ही रोग हटविला, असा दावा करणार नाही. पण त्या वस्तीत ताप लपविणे थांबले. पोलिसाची शिटी न वाजता माणसे घरात राहिली, कारण घरात राहणे परवडेल अशी तजवीज शेजाऱ्यांनी केली होती. हाच आमच्या मते रोगाविरुद्धचा संप. तो आम्ही दोन महिने उशिरा केला आणि साठ घरांपुरताच केला.

पुढे लसीच्या वेळी तेच झाले. लसीकरणात जिल्हा मागे पडला, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये निदान एक मात्रा घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशनचे धान्य मिळणार नाही, असा हुकूम निघाला. हेतू चांगला होता, हे आम्ही मान्य करतो. पण पाहा, पुन्हा कुलूपच! आणि पुन्हा तेच फाटकाबाहेरचे माणूस रेशनच्या दुकानासमोर उभे. ज्याच्या दारात लस घेऊन कोणी समजावीत गेले नाही, त्याच्या ताटावर झाकण ठेवून त्याला शहाणे करावयाचे!

मंडळी, आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. जुनी राख का उकरावी? त्या साथीत महाराष्ट्राने सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे १ लाख ४८ हजार माणसे गमावली. या सभागृहात असा कोण आहे की ज्याच्या ओळखीचे एकही माणूस त्यांत नव्हते? आणि तरी आज आपण त्याविषयी बोलत नाही. लग्नात विषय निघाला तर कोणीतरी म्हणते, "सोडा हो, आता कशाला?" दुःख विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे, त्याला आमची हरकत नाही. पण दुःखाबरोबर धडाही विसरणे, ही त्याच बेफिकिरीची चौथी जात आहे. आणि ती सर्वांत शांत असल्यामुळे तिच्यावर दंडाची पावतीही फाडता येत नाही. पुढची साथ केव्हा येईल हे आम्हांस ठाऊक नाही. येईल तेव्हा वरून हुकूम येईल, हे मात्र ठाऊक आहे. त्या दिवशी आपल्या गल्लीजवळ स्वतःची यादी नसेल, तर पुन्हा टाळेबंदीच होईल. पुन्हा कुलूप उघडल्याच्या मिरवणुका निघतील आणि पुन्हा सरणाला चार माणसे असतील.

म्हणून आमची आपणांस एकच विनंती आहे. घरी जाताना आपल्या गल्लीतल्या शेवटच्या घरात कोण राहते, त्याचे पोट कशावर चालते आणि आजारी पडल्यास त्याच्याकडे कोण जाईल, हे आपल्याला ठाऊक आहे काय, एवढे मनाशी तपासा. ठाऊक नसेल तर उद्या विचारा. एक वही घाला. त्याला ना सरकारी परवानगी लागते, ना पदवी.

आणि दुसऱ्याला उपदेश करून स्वतः मोकळे होण्याची जी खोड आमच्या धंद्याला आहे, तिच्यापासून आज तरी दूर राहावे म्हणून शेवटचा खर्चही सांगून टाकतो. आमची ती शंभर पानी वही जुलै २०२१ नंतर पुढे लिहिली गेली नाही. साथ ओसरली, पोरे कामावर लागली, आम्ही वेतनकराराच्या वाटाघाटीत गुंतलो. हे भाषण तयार करताना ती शोधली, तर कार्यालयातल्या कपाटात, जुन्या पावतीपुस्तकांखाली सापडली. साठांपैकी कित्येक घरांतली माणसे आता बदलली आहेत. या रविवारी ती वही घेऊन आम्ही पुन्हा पहिल्या घरापासून निघणार आहोत. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी सकाळी आठ वाजता यावे. चहा वस्तीत मिळतो.